चोवीस आठवडे की चव्वेचाळीस?

अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेतल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवणारी फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट जगातल्या भाषांची अवघडपणानुसार चढती भाजणी लावते. त्यात स्वीडिश सोप्या गटात बसते, सुमारे २४ आठवड्यांची. क्रोएशियन त्याहून बरीच वर, ४४ आठवड्यांची. नवी युरोपीय भाषा शोधणारा मराठी माणूस हे आकडे वाचतो आणि क्रोएशियनचा नाद सोडतो. पण ही भाजणी इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी लावलेली आहे. जन्मापासून ‘पुणे’चं ‘पुण्याला’ आणि ‘पुण्याहून’ करत आलेल्याचा हिशेब तिच्यात धरलेलाच नाही.

क्रोएशियन व्याकरण उघडलं की पहिल्यांदा दिसतात त्या सात विभक्ती. इंग्रजीभाषक इथेच गार होतो. मराठी विद्यार्थ्याने मात्र प्रथमा-द्वितीया शाळेत घोकलेल्या असतात, आणि नाम वाक्यात शिरलं की त्याचं रूप बदलतं याचं त्याला नवल नसतं. रियेका हे एड्रियाटिक किनाऱ्यावरचं बंदर. ‘रियेकामध्ये’ म्हणायचं तर ‘ऊ रियेत्सी’. आपल्या ‘बसने’मधल्या ‘ने’चं काम तिकडे ‘आउतोबुसोम’मधला ‘ओम’ करतो. इव्हानला हाक मारायची तर ‘इव्हाने!’, म्हणजे संबोधनही शाबूत. आपण ‘शहर बघतो’ पण ‘कुत्र्याला बघतो’; सजीव-निर्जीवाचा असाच भेद क्रोएशियनही पुल्लिंगी नामांच्या द्वितीयेत पाळते. लिंगं तीनच, आणि ती मराठीपेक्षा सरळ: बहुतेक व्यंजनान्त नामं पुल्लिंगी, आकारान्त स्त्रीलिंगी, ओकारान्त-एकारान्त नपुंसकलिंगी.

खरी गंमत क्रियापदात आहे. ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ हा फरक इंग्रजीत नाही, स्वीडिशमध्येही नाही. क्रोएशियन पुरुष म्हणतो ‘दोशाओ साम’, बाई म्हणते ‘दोश्ला साम’. पुढे ‘पिसाती’ आणि ‘नापिसाती’ अशा क्रियापदांच्या जोड्या येतात: एक नुसतं लिहिणं, दुसरं लिहून पुरं करणं. इंग्रजी पाठ्यपुस्तकं या जोड्यांवर पानंच्या पानं खर्च करतात. ‘लिहीत होतो’ आणि ‘लिहून काढलं’ यांत फरक करणाऱ्याला त्यातलं निम्मं आधीच समजलेलं असतं.

उच्चारांतही मराठीची मदत होते. ‘चाक’मधला च आणि ‘चहा’मधला च हे क्रोएशियनमध्ये दोन वेगळी अक्षरं आहेत. ल्युदेव्हित गायने १८३० साली मांडलेल्या पद्धतीवर उभी असलेली ही लिपी जवळजवळ उच्चाराबरहुकूम चालते. ‘कृक’ हे एका बेटाचं नाव, ‘पृस्त’ म्हणजे बोट. त्यातला ऋ खराखुरा स्वर आहे, आपल्यासारखा ‘रु’ नव्हे. चहाच्या च-शेजारी आणखी एक मऊ च बसतो, पण त्या दोघांत घोळ अनेक क्रोएटही घालतात.

तरीही हुरळून जाऊ नये. मराठीत ‘चांगल्या’ झालं की विशेषणाची सुटका होते. क्रोएशियनमध्ये विशेषणही प्रत्येक विभक्तीत नामाबरोबर फरफटतं. दोन ते चार कुत्र्यांना एक रूप, ‘द्वा प्सा’; पाचपासून दुसरं, ‘पेत पासा’. शिवाय शब्दसंग्रह जवळपास शून्यातून जमवावा लागतो. ‘स्नाहा’ म्हणजे सून आणि ‘द्येव्हेर’ म्हणजे दीर हे कळल्यावर आनंद होतो खरा, पण अशा दूरच्या नातेवाइकांच्या जिवावर वर्तमानपत्र वाचता येत नाही.

स्वीडिशची बाजी इथेच आहे. आर्म, हांड, फिंगेर, हूस, बूक: शाळेतल्या इंग्रजीच्या जोरावर हे शब्द फुकट मिळतात. क्रियापद पुरुष-वचनाप्रमाणे बदलत नाही. मी, तू, ते, आम्ही, सगळ्यांना एकच रूप. नामांची लिंगं दोन, आणि तीन-चतुर्थांश नामं एकाच लिंगातली. ‘ते विशिष्ट घर’ म्हणायला शेपटी जोडायची, ‘हूसेट’. पहिले तीन महिने विद्यार्थी खुशीत असतो.

मग वाक्यरचना अडवते. मराठी क्रियापद निवांतपणे शेवटी येतं. स्वीडिश मुख्य वाक्यात त्याची जागा दुसरी, वाक्याची सुरुवात ‘आज’ने होवो की ‘मी’ने. गौण वाक्यात ‘नाही’ उडी मारून क्रियापदाच्या आधी येतं. हा नियम तिथल्या वर्गांत ‘बिफ’ नावाने इतका घोटला जातो की विद्यार्थ्यांना तो झोपेतही आठवावा. त्यातच लेखन आणि बोलणं यांची फारकत: लिहायचं ‘एर’, म्हणायचं ‘ए’. ‘सात’ या अर्थाच्या शब्दाची सुरुवात ना श, ना ख. ओठ गोल करून फुंकलेला तो आवाज देवनागरीत लिहिताच येत नाही. आणि सूर! ‘आन्डेन’ एका सुरात म्हटलं तर बदक, दुसऱ्या सुरात भूत. पण याचा धसका घेऊ नये. फिनलंडमधले स्वीडिशभाषक हा सुरांचा भेद पाळत नाहीत, आणि त्यांचं कुठे अडत नाही.

आदरार्थाचा हिशेब वेगळाच आहे. १९६७ मध्ये स्वीडनच्या वैद्यकीय खात्याचे नवे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी आपण सगळ्यांना ‘डू’, म्हणजे ‘तू’ म्हणणार असं जाहीर केलं. तो वारा आधीच वाहत होता; काही वर्षांत पदव्या आणि आडनावं घेऊन बोलण्याची जुनी रीत मोडली. क्रोएशियात ‘ती’ (तू) आणि ‘व्ही’ (आपण) शाबूत आहेत, आणि एकट्या बाईंना ‘व्ही’ म्हटलं की क्रियापद अनेकवचनी होतं, थेट आपल्या ‘आपण आलात’सारखं. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही. अवघड जातं ते साहेबांना अरे-तुरे करणं.

उपयोगाचं पारडं स्वीडिशकडे झुकतं. सुमारे एक कोटी भाषक, नॉर्वेजियनांशी गप्पा, डॅनिश वाचनापुरती हाती. पुणे-पिंपरीच्या पट्ट्यात सँडविक, अ‍ॅटलास कॉपको, अल्फा लाव्हाल, एसकेएफ ही नावं जुनी आहेत. क्रोएशियनचे भाषक याच्या निम्म्याच्या आसपास, पण ती येणाऱ्याला सर्बिया, बोस्निया, माँटेनिग्रोतही दुभाषा लागत नाही. मात्र तिथे पाव मागताना सांभाळावं: झाग्रेबला ‘क्रुह’, बेलग्रेडला ‘ह्लेब’. या भाषा एक की चार, हा वाद क्रोएशियनला वेगळं स्थान मागणाऱ्या १९६७च्या जाहीरनाम्यापासून भाषा एकच म्हणणाऱ्या २०१७च्या जाहीरनाम्यापर्यंत धगधगता आहे. मराठी-कोकणी वाद पाहिलेल्या गोव्यातल्या वाचकाला त्याची धग समजावून सांगायची गरज नाही.

सरावाचं चित्र मात्र उलटंसुलटं आहे. स्वीडनमध्ये रहिवासी परदेशी प्रौढांना ‘एसएफआय’चे वर्ग फुकट, सोप्या स्वीडिशमधल्या रेडिओ बातम्या, ‘ओट्टा सीडोर’सारखं सोप्या भाषेतलं वृत्तपत्र. पण दुकानात अडखळलात की समोरचा लगेच इंग्रजीत उत्तर देतो, आणि शिकणाऱ्याचा धीर तिथेच खचतो. क्रोएशियात पर्यटकाला इंग्रजी पुरते. तिथे राबायला गेलेल्याचं तसं नाही. २०२४ मध्ये तिथे परदेशी कामगारांना दोन लाखांहून अधिक परवाने मिळाले, त्यांत नेपाळी आणि भारतीयही होते. नागरिकत्व हवं तर भाषा येणं सक्तीचं. झाग्रेब विद्यापीठातलं ‘क्रोआटिकुम’ परदेशीयांना पद्धतशीर शिकवतं. घरी बसून शिकणाऱ्यासाठी ‘हर्वात्स्की येझिच्नी पोर्ताल’ हा मोफत शब्दकोश आहे. तो नामांची एकूण एक विभक्तिरूपं मांडून दाखवतो, आणि पहिली दोन वर्षं तो सतत उघडाच ठेवावा लागतो.