डोळ्यातील रक्तस्राव आणि बायकार्बोनेट



गेल्या स्नेहसंमेलनात एका विद्यार्थ्याचे आजोबा पहिल्या रांगेत बसूनही मंचावरच्या नातवाला ओळखू शकले नाहीत. मधुमेह जुना; पण डोळ्यांची तपासणी म्हणजे चष्म्याचा नंबर, एवढाच त्यांचा समज. म्हणून आज हा विषय.

रक्तातील साखर अनेक वर्षे वाढलेली राहिली की दृष्टिपटलावरील बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होतात. त्यांतून पाणी व रक्त झिरपते. रक्त डोळ्याच्या आतील काचाभ द्रवात उतरले की नजरेपुढे काळे ठिपके व जाळी दिसू लागते.

हे झिरपणे वाढत का जाते? बोस्टनच्या जॉस्लिन मधुमेह केंद्रातील एडवर्ड फीनर व सहकाऱ्यांनी २००७ साली याचे एक कारण मांडले. रसायनशास्त्र मी हिंदीतून शिकलो, तरी मराठीत सांगायला गोष्ट अवघड नाही. रक्ताच्या तांबड्या पेशींत 'कार्बोनिक अनहायड्रेज' नावाचे एन्झाइम असते. ते कार्बन डायऑक्साइड व पाणी यांपासून बायकार्बोनेट बनवते. पेशीच्या आत हे काम जीवनावश्यक आहे. पण डोळ्यात रक्त सांडून पेशी फुटल्या की तेच एन्झाइम बाहेर पडते. बायकार्बोनेट वाढते, द्रव क्षारीय होतो आणि 'कॅलिक्रीन' हे दुसरे एन्झाइम जागे होते. त्यामुळे रक्तवाहिन्या आणखी पाझरतात. म्हणजे रक्तस्रावच पुढच्या झिरपण्याला वाट करून देतो! मधुमेही रुग्णांच्या डोळ्यातील द्रवात हे एन्झाइम वाढलेले आढळले. उंदरांच्या डोळ्यात ते सोडल्यावर झिरपणे वाढले आणि ही साखळी रोखल्यावर कमी झाले.

एक खुलासा करतो. हे बायकार्बोनेट डोळ्यातच तयार होणारे आहे. स्वयंपाकघरातील खाण्याच्या सोड्याला दोष देऊ नये.

या आजारात सुरुवातीला दुखत नाही आणि दिसतेही स्वच्छ. म्हणूनच तो फसवा आहे. गेलेली नजर परत मिळवणे कठीण. पण वेळीच कळल्यास लेसर, डोळ्यातील इंजेक्शन वा शस्त्रक्रियेने पुष्कळ वाचवता येते. मोठ्या वयात मधुमेह निघाला तर लगेच, आणि नंतर साधारण दरवर्षी, थेंब घालून बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घ्यावे. साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवावेत.

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर आजी-आजोबांना एवढेच विचारा, "डोळ्यात थेंब घालून तपासणी शेवटची कधी झाली?" उत्तर आठवत नसेल, तर याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे न्यायला आई-बाबांना सांगा.

— मुख्याध्यापक