स्त्री-आरोग्य लेखमाला : लेखांक चौथा – सांगणाऱ्या स्त्रीचे ज्ञान

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मूळ असलेला एचपीव्ही हा विषाणू देहात वर्षानुवर्षे कसा निमूट वसतो, आणि त्याच्या १६ व १८ या दोन प्रकारांकडेच सुमारे ७० टक्के रोगाचे उत्तरदायित्व कसे जाते, हे गतलेखांकात पाहिले. ज्या परिचारिका, प्रसाविका व आशाताई यांच्या मुखाने हे ज्ञान घरोघर जावयाचे, त्यांना स्वतःस ते कितपत अवगत असते, हा आजचा प्रश्न होय.

त्यासाठी बंगळूरकडे पाहावे. तेथील किडवाई स्मारक कर्करोग संस्थेच्या दप्तरी १९८२ पासून शहरातील रुग्णांची नोंद होत असून, आरंभी स्त्रियांत अग्रस्थानी असलेला हा रोग आता स्तनाच्या कर्करोगामागे गेल्याचे तीवरून दिसते. तथापि देशात आजही दरसाल सव्वा लाखाच्या सुमारास स्त्रियांना तो जडतो. शिवाय या शहरातील परिचर्या महाविद्यालयांत दूरदूरच्या प्रांतांतून मुली येत असल्याने, तेथे दिलेले वा न दिलेले शिक्षण पुढे अनेक प्रांतांतील इस्पितळांत जाऊन पोहोचते.

रोगाचे नाव जाणणे, त्याचे कारण विषाणू आहे हे जाणणे, लस मुख्यतः ९ ते १४ या वयात द्यावयाची हे जाणणे, आणि आपल्या मुलीस ती प्रत्यक्ष देणे, अशा या चार पायऱ्या असून, देशातील परिचारिकांच्या निरनिराळ्या पाहण्यांत पायरीगणिक संख्या घटत गेलेली आढळते. यात त्यांचा दोष थोडा. लस २००८ मध्ये येथे आली ती सामान्यांच्या ऐपतीबाहेरच्या किमतीत. २०१० मध्ये आंध्र व गुजरातमधील लसीकरण-प्रकल्प काही मुलींच्या मृत्यूंनंतर स्थगित झाला, आणि चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध सिद्ध झाला नसला, तरी संमती घेण्यातील हयगय उघड होऊन लोकांच्या मनात किंतु राहिला. पुण्याच्या सीरम संस्थेची ‘सर्व्हाव्हॅक’ २०२३ मध्ये आली, तेव्हा कोठे स्वदेशी लस हाती पडली.

शिकविले तर काय घडते, याची साक्ष मुंबईने दिली आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून तेथील झोपडवस्त्यांत चालविलेल्या प्रयोगात, दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना अवघे चार आठवडे प्रशिक्षण देऊन, त्यांच्याकरवी दर दोन वर्षांनी सौम्य ॲसिटिक आम्ल लावून तपासणी करविली. आणि या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

म्हणून प्रत्येक इस्पितळाने लसीकरणाची तजवीज करण्यापूर्वी आपल्या सेविकांना नीट शिकवावे, त्यांच्या शंका ऐकाव्यात, आणि जडलेला संसर्ग लसीने बरा होत नसल्यामुळे तिशीपुढील सेविकांच्या तपासणीची सोय तेथेच विनामूल्य करावी. कारण जी स्वतः निःशंक झाली, तीच दुसऱ्या मातेच्या शंकेचे निरसन करू शकते. ही तपासणी कशी होते, ते पुढील लेखांकी.

(क्रमशः)