मेंदूतला भंगारवाला

‘केक नको गं, सोळा तासांचा फास्ट आहे. माझी ऑटोफेजी चालू आहे!’ शुक्रवारी एका ऑफिसात बर्थडे पार्टीत मैत्रिणीने ब्लॅक कॉफीचा मग उंचावत जाहीर केलं. सगळे इम्प्रेस! मी मात्र गप्प. हा शब्द मला डाएट चार्टमधून नाही, बाबांच्या स्ट्रोकमुळे माहीत झाला.

२०१९ चा पावसाळा. रात्री साडेदहाला टीव्ही बघताना बाबांच्या उजव्या हातातून रिमोट पडला. बोलणं जरा जड झालं. ‘अ‍ॅसिडिटी असेल,’ ते म्हणाले. आईने लिंबू सरबत दिलं. आणि मी, मास कॉमवाली हुशार मुलगी, म्हणाले, ‘झोपा बाबा, सकाळी दाखवू.’ सकाळी सातला हॉस्पिटल गाठलं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आम्ही साडेआठ तास घालवले होते.

त्या रात्री आत नेमकं काय चाललं होतं, हे नंतर वेड्यासारखं वाचत सुटले. मोठी रक्तवाहिनी तुंबली आणि उपचार नाही मिळाले, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख न्यूरॉन्स जातात, असा हिशेब अमेरिकन न्यूरॉलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. (गुणाकार मी अर्ध्यात सोडला.) पण सगळ्याच पेशी लगेच मरत नाहीत. गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या पेशी अर्धपोटी, कशाबशा तग धरून असतात. ऑटोफेजीची खरी भानगड इथेच आहे.

ऑटोफेजी म्हणजे पेशीने स्वतःलाच खाणं. १९६३ मध्ये ख्रिस्तियान द दूव्ह यांनी हे नाव दिलं. त्यामागची जीन्स यीस्टमध्ये शोधणाऱ्या योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं. सोपं करून सांगायचं तर, हा पेशीतला भंगारवाला. मोडकी प्रथिनं, निकामी झालेले पेशीतले पॉवर हाऊस उचलतो, तोडतो, आणि त्यातून पेशीला पुन्हा वापरता येईल असा माल देतो. महिनाअखेरीला रद्दी विकून घर चालवावं तसं.

मग स्ट्रोकमध्ये तो तारतो की मारतो? दोन्ही, आणि हेच त्रासदायक आहे. २००६ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत हा भंगारवालाच बंद केला. स्ट्रोक वगैरे काही नसताना कचरा साचून न्यूरॉन्स मेले. २००८ मध्ये तसेच जीन काढलेल्या नवजात उंदरांना रक्त आणि ऑक्सिजनचा तुटवडा भासवला, तर त्यांचे न्यूरॉन्स उलट वाचले! म्हणजे संकटात हा माणूस रद्दीवर थांबत नाही, दारं-खिडक्याही उचकटतो. आणि २०१३ मध्ये पुन्हा वेगळंच. रक्तपुरवठा परत सुरू झाल्यावर ऑटोफेजी रोखली, तर उंदरांच्या मेंदूचं नुकसान वाढलं.

त्याच वर्षी बेथ लेव्हिन यांच्या टीमने अतिरेकी ऑटोफेजीने येणाऱ्या मरणाला ‘ऑटोसिस’ म्हटलं. नवजात उंदरांमध्ये ते रोखायला त्यांनी वापरलेलं नेरिफोलिन हे द्रव्य आपल्या बिट्टीत, म्हणजे पिवळ्या कण्हेरीत असतं. (प्लीज, काढा करायला जाऊ नका. बिट्टी जीवघेणी विषारी आहे.)

थोडक्यात, कधी, किती आणि कुठल्या पेशीत, यावर सगळा खेळ. म्हणूनच ऑटोफेजी वाढवणारं किंवा थांबवणारं औषध आज स्ट्रोकच्या पेशंटला कुणी देत नाही. सोळा तासांच्या उपासाने स्ट्रोकमध्ये मेंदू वाचतो, असंही माणसांत सिद्ध झालेलं नाही. हाताशी आहे ते घड्याळ. तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड, तर त्याच मिनिटाला सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल. सरबत नको, झोप नको. उशीर झालाय वाटलं तरी निघायचंच. मोठी गुठळी असली तर काही निवडक पेशंट्समध्ये कॅथेटरने ती २४ तासांपर्यंतही काढता येते.

मैत्रिणीला हे सगळं सांगितलं. ती दोन मिनिटं कॉफी ढवळत राहिली. मग म्हणाली, ‘माझ्या पप्पांचं बीपी मागच्या आठवड्यात एकशेऐंशी होतं गं. ते गोळीच घेत नाहीत.’ आणि फोन घेऊन जिन्याकडे गेली.

बाबा आता चालतात. शर्टाची बटणं डाव्या हाताने लावतात. वरचं एक राहतंच, ते मी लावते.