बारा फोटोंचा रोल



"उसवाल्याचं पोर लग्नातला फोटोवाला कसं झालं?" असे आम्हाला पुष्कळ जण विचारतात. संपादक मंडळींनी तेच लिहून मागितले, म्हणून हा खटाटोप. चूकभूल पोटात घालावी.

जायकवाडी धरणाचे उद्घाटन 1976 साली झाले. पुढे डाव्या कालव्याचे पाणी आमच्या पाथरी भागात आले. ज्वारी-कापसाच्या रानात ऊस उभा राहिला. उसाच्या बिलावर घरे झाली, मोटारी बसल्या, लग्नेही दणक्यात होऊ लागली. आमचा धंदा त्या पाण्यावरच उगवला म्हणा ना!

1983 च्या उन्हाळ्यात चुलत बहिणीचे लग्न होते. परभणीहून येणाऱ्या फोटोवाल्याची एस.टी. चुकली. आमच्याजवळ हौसेने घेतलेला अ‍ॅग्फा क्लिक थ्री होता, बडोद्यात बनणारा साधा डबा. काका ओरडले, "आरं, तुह्याकडं डबा हाय ना? मग बघतू काय, काढ की!" एकच रोल, बारा फोटो. हात थरथरत होते, पण दहा फोटो बरे उठले. त्या दहा फोटोंवर पुढच्या सराईत पाच लग्ने मिळाली.

मग आम्ही उसाच्या बिलातून जुना यशिका कॅमेरा घेतला. ते पैसे खरे तर बैलासाठी होते. नाना दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बैल म्हातारा व्हतो. बघू, तुहा डबा किती दिस चालतो." त्या साली घरच्या एकट्या बैलाला शेजाऱ्याच्या बैलाची सावड करून नानांनी पेरणी उरकली. त्यांनी तेव्हा नाही म्हटले असते, तर आज हा लेख नसता.

रोल उटीच्या सरकारी कारखान्यात बनणारा 'इंदू' असे. तो गच्च अंधारात धुवायचा, नंतर लाल दिव्याखाली कागदावर छापायचा. तोडलेला ऊस पडून राहिला की उतारा घटतो. रोलचेही तसेच, उन्हाळ्यात तो फार दिवस ठेवून चालत नसे. म्हणून रात्री लग्नाहून आलो की आधी रोल धुवायचा, मग जेवायचे.

आता मनातली गोष्ट सांगतो. आम्हीच फोटो काढलेल्या एका लग्नातली नवरी बऱ्याच वर्षांनी दुकानात आली. आई वारली होती. "दादा, लग्नातला आईचा एखादा फोटो निघंल का?" आम्ही निगेटिव्ह दिव्यासमोर धरल्या. अंतरपाट होता, अक्षता होत्या, फेटेवाल्या पाहुण्यांचे सत्काराचे तीन फोटो होते. आई कुठेच नाही. ती दिवसभर चुलीपाशी होती. शेवटी एका फोटोच्या कोपऱ्यात, मांडवाच्या खांबाआड, घागर घेऊन लगबगीने जाणारी बाई दिसली. पदर डोक्यावर, अर्धाच चेहरा. आम्ही तेवढाच भाग मोठा करून दिला. ती कितीतरी वेळ बघत राहिली. म्हणाली, "आई अशीच घाईत असायची."

पैसे घेतले नाहीत. घ्यायचे तोंडच नव्हते. हारवाल्यांना तीन फोटो आणि आईला अर्धा चेहरा, हा हिशेब आमच्याच हातून झाला होता. त्या दिवसापासून नेम केला : रोलमधला पहिला फोटो चुलीपाशी, मग मांडवात.

आता उटीचा कारखाना बंद आहे. मुलगा डिजिटल कॅमेरा चालवतो, एका लग्नात हजारावर फोटो काढतो. पण पहिला फोटो स्वयंपाकाच्या जागीच. नेम मोडलेला नाही.

सभासदांना हात जोडून एवढेच सांगणे : जुन्या निगेटिव्ह कागदी पाकिटात घालून कोरड्या डब्यात ठेवा, पावसाळ्यात बुरशी धरते. फोटोमागे शिसपेन्सिलीने नाव आणि साल लिहा. मोबाईलमधले चार फोटो तरी कागदावर काढून घ्या, त्यात एक आईचा असू द्या.

तुम्ही आपल्या घरच्या मांडवात आम्हाला पंगतीला बसवले, लेकीच्या पाठवणीवेळी डोळे पुसताना जवळ उभे राहू दिले. नुसत्या शेतात राहिलो असतो, तर इतकी घरे आपली झाली नसती. हे ऋण फिटणारे नाही, आणि ते फिटावे असे वाटतही नाही.

— आपलाच एक ऊस उत्पादक सभासद