ताटातलं लोह रक्तापर्यंत पोचतं कसं

रक्ताचा अहवाल हातात पडतो, हिमोग्लोबिन साडेनऊ किंवा दहा निघतं आणि घरात पालकाच्या जुड्या येऊ लागतात. कुणी बीट किसतं, कुणी गूळ-शेंगदाण्यांचा डबा भरून ठेवतं. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी होते, तेव्हा आकडा बहुधा जिथल्या तिथे असतो. मग ‘हिच्या अंगाला काही लागतच नाही’ असं म्हणून विषय संपतो. माझ्या मते विषय तिथेच सुरू व्हायला हवा. ताटात लोह आहे आणि रक्तात नाही, तर मधल्या वाटेवर ते कुठे अडतं हे एकदा नीट समजून घेतलं, की स्वयंपाकघरातल्या चार-दोन सवयी बदलणं पुरेसं असतं. महागडं काही आणावं लागत नाही.

हा प्रश्न थोड्या घरांचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. त्याआधीच्या पाहणीत हाच आकडा ४८ टक्के होता. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. जिना चढताना लागणारी धाप, गळणारे केस, दुपारनंतर न उघडणारे डोळे हे सगळं ‘कामाचा ताण’ म्हणून अंगावर काढणाऱ्या बायका आपल्या आसपास किती आहेत, ते या आकड्यांवरून कळतं.

आधी शरीराचा हिशेब पाहू. प्रौढ माणसाच्या अंगात सगळं मिळून ३ ते ४ ग्रॅम लोह असतं आणि त्यातलं जवळजवळ दोन-तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये असतं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातलं लोह शरीर टाकून देत नाही, नव्या पेशींसाठी परत वापरतं. त्यामुळे रोज बाहेरून १ ते २ मिलिग्रॅम लोह आत गेलं तरी भागतं. पाळीत रक्त जातं तेव्हा गरज वाढते, म्हणून स्त्रियांचा हिशेब नेहमी काठावरचा असतो. आता दुसरा आकडा पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये केलेल्या शिफारशीनुसार स्त्रीच्या रोजच्या आहारात २९ मिलिग्रॅम आणि पुरुषाच्या आहारात १९ मिलिग्रॅम लोह हवं. शरीराची गरज दीड-दोन मिलिग्रॅमची असताना एवढं खायला सांगतात, कारण धान्य आणि डाळींवर उभ्या असलेल्या आपल्या जेवणातून फार थोडं लोह आत शिरतं. बाकीचं आलं तसं निघून जातं.

ते आत शिरतं कुठे, तर लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या तुकड्यात. जठरातल्या आम्लामुळे लोह विरघळतं आणि अन्नाबरोबर पुढे सरकतं. पुढे गेल्यावर आम्ल कमी होतं, लोह पुन्हा न विरघळणाऱ्या रूपात जायला लागतं. म्हणजे वेळ आणि जागा दोन्ही थोडी. तेवढ्यात त्याला कुणी पकडून ठेवलं तर संधी गेलीच. हे पकडून ठेवणारं मुख्य द्रव्य म्हणजे फायटिक आम्ल. ते धान्याच्या कोंड्यात आणि कडधान्यांत असतं. बी पुढच्या रोपासाठी फॉस्फरस याच रूपात साठवून ठेवतं. बीसाठी ती शिदोरी आहे, पण आपल्या आतड्यात ते लोहाला घट्ट धरून बसतं.

यातून सुटायची वाट त्या दाण्यातच आहे. दाणा रुजायला लागला की ही शिदोरी फोडायला फायटेज नावाचं विकर कामाला लागतं. फायटिक आम्ल कमी होतं, धरून ठेवलेलं लोह मोकळं होतं. शिवाय कोरड्या मटकीत जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व मोड येताना तयार होतं. आपल्या आज्या-पणज्या मोडाच्या उसळी करत होत्या, त्यात चवीइतकीच ही सोय होती.

मोड आणणं सोपं आहे, पण घाईत बिघडतं. मटकी निवडून, धुऊन, भरपूर पाण्यात आठ-दहा तास भिजवायची. भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं, कारण थोडं फायटिक आम्ल आणि पोटात वात धरणारी काही द्रव्यं त्यात उतरलेली असतात. मग मटकी दोन-तीनदा धुऊन चाळणीत पूर्ण निथळू द्यायची आणि स्वच्छ सुती फडक्यात सैलसर बांधून उबदार जागी ठेवायची. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड डोकावतात, थंडीत दीड दिवसही लागतो. फडकं कोरडं पडलं तर पाण्याचा हबका मारायचा. पाणी साचू द्यायचं नाही, नाहीतर मटकी चिकट होते आणि आंबूस वास येतो. अशी मटकी टाकूनच द्यावी. पाव इंचाचे मोड पुरेत, लांबलचक मोडांची हौस नको. उरलेली मटकी फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते. गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस घरात असेल तर कच्चे मोड देऊ नयेत, वाफ आणूनच द्यावेत. ओलसर उबेत मटकीबरोबर जंतूही वाढतात. मूग, चवळी, मसूर यांनाही हीच रीत चालते. कुळथाला मोड यायला जास्त धीर लागतो, पण लोहाच्या बाबतीत तो मटकीच्या तोडीचा आहे.

आता उसळ शिजवताना मोडांतलं क जीवनसत्त्व उष्णतेने बरंचसं नाहीसं होतं. म्हणून लिंबू हवं, आणि ते गॅस बंद केल्यावर, शक्यतो ताटात पिळायचं. क जीवनसत्त्व लोहाला आतड्याला घेता येईल अशा रूपात आणतं आणि आम्ल कमी झालं तरी विरघळलेलं ठेवतं. एक अट मात्र आहे: ते त्याच जेवणात, त्याच घासांबरोबर पोटात जायला हवं. सकाळी अनशापोटी घेतलेलं लिंबूपाणी दुपारच्या भाकरीच्या कामाचं नाही. आपल्या ताटात डाव्या बाजूला लिंबाची फोड वाढायची पद्धत आहे. ती शोभेला ठेवून तशीच कचऱ्यात जाते, याचं मला खरंच वाईट वाटतं. लिंबू नसेल तर कच्च्या कोबीची कोशिंबीर, कैरीचा तक्कू, आवळ्याचा ताजा ठेचा, नाहीतर जेवणानंतर पेरूच्या दोन फोडी. पेरूत लिंबापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असतं आणि हंगामात तो स्वस्तही मिळतो.

कांदा-लसणाचीही यात मदत होते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात धान्य-डाळींबरोबर कांदा किंवा लसूण असला तर त्यांतलं लोह आणि जस्त जास्त मोकळं होताना दिसलं. हा प्रयोग प्रयोगशाळेतला होता, माणसांवर केलेला नव्हता, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण भाकरीबरोबर कांदा फोडून आणि लसणीचा ठेचा घेऊन जेवणाऱ्यांनी ती सवय सोडायचं काही कारण नाही.

एका बाजूने इतकं जमवून आणायचं आणि वर कपभर चहा घ्यायचा, म्हणजे केलेल्या कामावर पाणी. ही उपमा नाही, जवळजवळ तसंच घडतं. चहातले पॉलिफिनॉल लोहाला बांधून टाकतात आणि जेवणाबरोबर घेतलेला एक कप त्या जेवणातल्या लोहाचं शोषण अर्ध्याहून खाली आणू शकतो. कॉफीचा परिणाम त्याहून कमी, पण आहे. चहा सोडायला मी कुणालाच सांगणार नाही, कारण ते कुणी ऐकत नाही आणि तशी गरजही नाही. जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचं अंतर ठेवलं की बराच फरक पडतो. खरी अडचण नाश्त्याची आहे. पोहे-चहा, पोळी-चहा, चहात बुडवून खाल्लेली शिळी चपाती: घराघरांत सकाळचं पहिलं खाणं चहाबरोबरच उरकलं जातं. उठल्यावर चहा घ्या, तासाभराने पोह्यांवर लिंबू पिळून खा. एवढा एक बदल करून पाहा. दुधातलं कॅल्शियमही शोषणाच्या आड येतं, म्हणून दुधाचा पेला जेवणाला जोडून न घेता झोपताना घेतलेला बरा.

भांड्याचीही गोष्ट सांगायला हवी. लोखंडी कढईत किंवा बिडाच्या तव्यावर शिजवलं की थोडं लोह अन्नात उतरतं, आणि पदार्थ ओलसर व आंबट असेल तर जास्त उतरतं. इथिओपियात लहान मुलांवर झालेला एक अभ्यास १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला. लोखंडी भांड्यात शिजवलेलं खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यातलं खाणाऱ्या मुलांपेक्षा जास्त वाढलं होतं. टोमॅटो घातलेली पालेभाजी, चिंचेची आमटी लोखंडी कढईत करावी, मात्र झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी, नाहीतर काळी पडते आणि धातूची चव लागते. कढई धुतली की कोरडी करून तेलाचं बोट फिरवून ठेवायची. कोरडी भाकरी लोखंडी तव्यावर भाजून मात्र फारसं लोह मिळत नाही, कारण पाणी नि आंबटपणा दोन्ही नसतं.

भाकरीत लोह मिळवायचं तर ते पिठातच हवं. बाजरीत १०० ग्रॅममागे साधारण ६ मिलिग्रॅम लोह असतं, ज्वारीत ४ च्या आसपास. ‘धनशक्ती’ हे जास्त लोहाचं बाजरीचं वाण २०१२ मध्ये पहिल्यांदा महाराष्ट्रासाठीच आलं. अशा लोहसमृद्ध बाजरीची भाकरी महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलामुलींना काही महिने रोज देऊन पाहिली गेली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्यांच्या शरीरात लोहाचा साठा कमी होता त्यांचा साठा साध्या बाजरीच्या तुलनेत लवकर भरून आला. पीठ भिजवून दोन-चार तास आंबवलं तर आणखी बरं. आंबील, धिरडी, इडली यांत आंबवताना फायटिक आम्ल कमी होतंच.

गुळाबद्दल थोडक्यात. तो मुख्यतः साखर आहे आणि चमचाभर गुळातून मिळणारं लोह अगदी नगण्य आहे. अळिवाचे लाडू मात्र खरोखर लोहाचे आहेत, ते बाळंतिणीपुरते ठेवू नयेत. मांस-मासे खाणाऱ्यांना मटण, कलेजी, मासे यांतून मिळणारं लोह वेगळ्या रूपात असतं. त्याला फायटिक आम्ल फारसं अडवू शकत नाही, आणि बरोबरच्या भाकरी-डाळीतलं लोहही त्यामुळे जास्त आत जातं.

हे सगळं करूनही घरातली बाई शेवटी जेवायला बसत असेल तर उपयोग नाही. पातेल्याच्या तळाशी उरलेल्या रश्श्यात मटकी नसते. उसळ उतरवल्या उतरवल्या स्वयंपाक करणारीची वाटी आधी काढून ठेवावी, किंवा सगळ्यांनी एकत्र बसावं. लोहाची सर्वाधिक गरज जिला, तिच्या वाट्याला ते सर्वांत कमी येतं, ही गोष्ट घरातल्या पुरुषांनीही मनावर घ्यायला हवी.

आणि अन्नाची मर्यादाही ओळखावी. हिमोग्लोबिन फार खाली असेल तर नुसत्या उसळीने ते वर येत नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्याच लागतात. त्या चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नयेत. शौचाला काळी होते, त्याने घाबरू नये. पोटात फार ढवळलं तर गोळी परस्पर बंद न करता वेळ किंवा मात्रा बदलता येईल का ते विचारावं. ॲसिडिटीच्या गोळ्या महिनोन्महिने चालू असतील तर तेही सांगावं, कारण जठरातलं आम्ल कमी झालं की लोह नीट विरघळत नाही. पाळीत फार रक्तस्राव, मूळव्याध, पोटातले जंत यांपैकी काही असेल तर आधी ती गळती थांबवायला हवी. बी-१२ ची कमतरता, थॅलेसेमिया किंवा विदर्भ नि नंदुरबारच्या आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेल यांमुळेही रक्त कमी असतं. तिथे लोहाच्या गोळ्यांनी मूळ दुखणं जात नाही, आणि थॅलेसेमियात नको तितकं लोह साठून अपायही होऊ शकतो. म्हणून हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनची तपासणी करून घ्यावी, म्हणजे लोहाचा साठाच रिकामा आहे का ते कळतं. हिमोग्लोबिन सुधारलं तरी हा साठा भरायला आणखी काही महिने लागतात, तेव्हा आकडा बरा दिसल्याबरोबर गोळ्या सोडू नयेत. लिंबाची फोड तर त्यानंतरही चालूच ठेवायची आहे.