बॅटरीचे गिरमिट आणि दुकानदाराचा शब्द

अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन या राज्यांत हिवाळ्यात तळी गोठतात. लोक बर्फावर चालत जातात, भोक पाडतात आणि त्यातून गळ सोडून मासे धरतात. भोक पाडण्याचे अवजार आपले सुतारबंधू पाहताच ओळखतील. ते मोठे गिरमिटच! पूर्वी ते हाताने फिरवीत, पुढे पेट्रोलचे इंजिन आले, आता बॅटरीही आली आहे.

पेट्रोलचे यंत्र साधारण 12 ते 15 किलोचे. थंडीत ते सुरू करायला दोरी ओढून हात दुखत आणि मासेमारीच्या झोपडीत धूर कोंडे. बॅटरीने हा त्रास मिटवला. कित्येक जण वेगळे यंत्रही घेत नाहीत, कामावरच्या 18 व्होल्टच्या ड्रिललाच हलके गिरमिट जोडतात. मात्र पाते अडकले की ड्रिल मनगट पिरगळते. म्हणून बाजूची मूठ लावून ते दोन्ही हातांनी धरावे लागते.

खरी गोम बॅटरीत आहे. लिथियम-आयन बॅटरी 1991 साली बाजारात आली. कडक थंडीत ती पूर्ण ताकद देत नाही, म्हणून जाणकार ती कोटाच्या आत उबेत ठेवतात. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास आत लिथियमचा थर साचून ती कायमची बिघडू शकते.

आता हिशेब पाहा. 6 इंची भोकाच्या जागी 8 इंची पाडले, तर 36 च्या जागी 64 या प्रमाणात, म्हणजे पावणेदोनपट बर्फ कापावा लागतो. बर्फ जाड असेल तर काम आणखी वाढते. तेव्हा 'एका चार्जमध्ये इतकी भोके' हा आकडा कोणत्या मापाचा, किती जाडीचा, किती थंडीतला, हे सांगितल्याशिवाय अर्धाच खरा.

आणि येथे प्रश्न जिवाचा आहे. पायी चालण्यास निदान 4 इंच पक्का बर्फ हवा, असे मिनेसोटाचे सरकारी खाते सांगते. जाडी सगळीकडे सारखी नसते, ती जागोजागी भोक पाडूनच कळते. बॅटरी मध्येच संपली तर पुढचे पाऊल अंदाजाने पडणार. म्हणून हातगिरमिट किंवा पहार सोबत असावी.

आम्ही कापडवाले. कोरे कापड धुतल्यावर आटते, हे गिऱ्हाइकाला आधी सांगणे आमचे काम. बॅटरी थंडीत आटते, हे सांगणे अवजारवाल्याचे. धान्याच्या राशीत हात घालून आतली ओल उघडी करणाऱ्या पैगंबरांची (स.) ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे.

आपल्याकडचे सुतार आणि फिटरही आता याच जातीची बॅटरी वापरतात. येथे तिला थंडीचे नव्हे, उन्हाचे भय. तापलेल्या पत्र्याखाली किंवा बंद गाडीत ठेवल्यास तिचे आयुष्य घटते. विकणाऱ्याने हे विकतानाच सांगावे, घेणाऱ्याने विचारून घ्यावे. ऐब सांगून विकलेल्या मालातच बरकत असते.