सायकलच्या ग्रुपवर राजकारण शिरलं आणि सर्व्हिसिंगचं बुकिंग आटलं



व्हॉट्सअ‍ॅपवर ग्राहकांचा ग्रुप कसा बनवायचा, यावर आपण चॅनेलवर बोललो होतो. नाव काय द्यावं, फोटो कोणता लावावा, कॅटलॉग कसा चढवायचा, सगळं झालं. पण बनवलेला ग्रुप बिघडतो कसा, हे सांगायचं राहूनच गेलं. ते आज सांगतो, आणि त्यासाठी बदलापूरला जाऊ.

आपल्या जुन्या बॅचमधला एक मित्र बदलापूर पश्चिमेला सायकलचं दुकान चालवतो. (नाव लिहू नका म्हणाला, म्हणून लिहीत नाही.) विक्री थोडी, सर्व्हिसिंग जास्त. पंक्चर, ब्रेक शू, गिअरचं ट्यूनिंग, चाकाचा आउट काढणं, बॉल-ग्रीस. 2020 च्या लॉकडाऊननंतर सायकलींना अचानक मागणी आली होती, आठवतंय ना? त्या लाटेत त्याने दुकान टाकलं आणि सोबत रविवारच्या राईडचा ग्रुप काढला. पहाटे साडेपाचला निघायचं. कधी बारवी धरणाचा रस्ता, कधी कोंडेश्वर, कधी मलंगगडाच्या पायथ्यापर्यंत. परत येताना चहा आणि वडापाव. उल्हासनगरच्या कॅम्प चारपासून अंबरनाथ पूर्वेपर्यंतची माणसं जमली. बघता बघता दीडशेच्या वर गेली.

आता यातला धंद्याचा भाग बघा. त्याने त्या ग्रुपवर कधी जाहिरात टाकली नाही. राईडमध्ये कोणाची चेन कुरकुरली की तो थांबायचा, दोन थेंब तेल सोडायचा, म्हणायचा, "बुधवारी आणून ठेवा, बघतो." बास. बुधवारी सायकल यायची. त्याच्या वहीत निम्म्याहून जास्त नावं याच ग्रुपमधली होती. एक पैसा न देता मिळालेले ग्राहक, आणि तेही दर चार महिन्यांनी परत येणारे. तुमच्यापैकी जे मेहंदीचे क्लास, घरगुती डबे किंवा रोपवाटिका चालवतात, त्यांचंही गणित असंच असतं. ग्रुप म्हणजे दुकानाबाहेरचा कट्टा. गिऱ्हाईक आधी तिथे बसतं, मग आत येतं.

तर 2024 साल आलं. 20 मे ला लोकसभेचं मतदान, 20 नोव्हेंबरला विधानसभेचं. आता आपल्या पट्ट्याची एक गंमत आहे, जी तीन लोकल स्टेशनांच्या अंतरात राहूनही अनेकांच्या लक्षात येत नाही. उल्हासनगर आणि अंबरनाथ हे विधानसभेचे दोन वेगळे मतदारसंघ, पण दोन्ही कल्याण लोकसभेत. बदलापूर मात्र मुरबाड विधानसभेत, आणि मुरबाड भिवंडी लोकसभेत. म्हणजे एकाच राईडमधली माणसं तीन आमदार आणि दोन खासदार निवडणारी! प्रत्येकाचा उमेदवार वेगळा, राग वेगळा, अभिमान वेगळा. (आणि सायकल तरी कुठे तटस्थ आहे? समाजवादी पक्षाचं चिन्हच सायकल, शेजारच्या भिवंडीत ते चांगलंच ओळखीचं. ग्रुपचा डीपी बघून एकाने खरंच विचारलं होतं, "कोणत्या पक्षाचा ग्रुप आहे हा?")

पण वाद निवडणुकीवरून सुरू झाला नाही. तो सुरू झाला एका खड्ड्यावरून.

काटई-बदलापूर रस्त्यावर एका मेंबरचा टायर खड्ड्यात बसला आणि रिम वाकली. त्याने फोटो टाकला, "इथून जपून या." किती उपयोगाचा मेसेज! खाली कोणी विचारलं, "हे काम कोणाच्या काळात झालं?" कोणी उत्तर दिलं. दुसऱ्याने त्या उत्तराला उत्तर दिलं. तासाभरात खड्डा राहिला बाजूला, आणि सत्तर वर्षांत कोणी काय केलं, इथवर गाडी पोहोचली. रात्री दहानंतर फॉरवर्ड सुरू झाले. ज्याची रिम वाकली होती, त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, "रिम बदलावी लागेल का सरळ होईल?" त्याला कोणी उत्तरच दिलं नाही. खुद्द आपल्या मित्रानेही नाही, कारण तो प्रश्न चाळीस मेसेजच्या खाली गाडला गेला होता. त्या माणसाने रिम कल्याणला जाऊन बदलली.

विषय भरकटतो तो असा. कोणी ठरवून राजकारण आणत नाही. सायकलस्वार रस्त्यावर असतो, रस्ता सरकारचा असतो, त्यामुळे गप्पा त्या दिशेला घरंगळणारच. तुमचा धंदा खाण्याचा असेल तर गॅसच्या दरावरून घरंगळतील, शिवणकामाचा असेल तर वीजबिलावरून.

त्यात 2025 मध्ये भर पडली भाषेची. पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा शासन निर्णय 16 एप्रिलला निघाला, राज्यभर वादळ उठलं, आणि 29 जूनला सरकारने माघार घेतली. या अडीच महिन्यांत मराठी माणसाचे किती ग्रुप पेटले असतील, देव जाणे. पण उल्हासनगरची गोष्ट वेगळी आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना लष्कराच्या जुन्या छावणीत जागा दिली, आणि 1949 मध्ये त्या वसाहतीचं उल्हासनगर झालं. कॅम्प एक ते पाच ही नावं तिथूनच आली. तिथे सिंधी, मराठी, हिंदी एकाच गल्लीत नांदतात. आपल्या मित्राच्या ग्रुपमध्ये कॅम्पातले सिंधी व्यापारी होते, उत्तर भारतीय कारागीर होते, अंबरनाथच्या कारखान्यांत निवृत्त झालेले मराठी काका होते. राईडला सगळे एकत्र घाम गाळायचे. मोबाईलवर मात्र एकमेकांना टोमणे.

आणि आता त्याची स्वतःची चूक. रात्री साडेअकराला, झोपायच्या आधी, कोणीतरी टाकलेल्या एका जोकवर त्याने अंगठा दाबला. पूर्ण वाचलाही नव्हता. पहिल्या दोन ओळी नेत्यावर होत्या, शेवटच्या दोन परप्रांतीय दुकानदारांवर. तुम्ही-मी अंगठा दिला तर तो एक अंगठा. अ‍ॅडमिनने दिला तर ते दुकानाचं मत. सकाळपर्यंत त्याचा स्क्रीनशॉट दुसऱ्या दोन ग्रुपवर फिरला होता.

भांडण झालं असतं तर बरं, असं तो मला म्हणाला. काहीच झालं नाही. 2022 पासून व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी ग्रुप सोडला की त्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते. त्याला एकेक नाव दिसत होतं, बाकी ग्रुप शांत. आणि जे गेले नाहीत, त्यातल्या कितीतरी जणांनी म्यूट केलं, ते तर त्यालाही दिसलं नाही. पुढच्या रविवारी राईडला सात जण आले. महिन्याभराने त्याने वही उघडली तेव्हा बुधवारच्या रांगेतली कॅम्पातली एकही सायकल नव्हती. पावसाळ्याआधीचा सर्व्हिसिंगचा सीझन, आणि हेल्परला बसवून पगार.

इथे थोडं थांबून कायद्याचं बोलतो, कारण हा प्रश्न मला सारखा येतो: "सर, मेंबरने काही टाकलं तर पोलीस मला धरतील का?" मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे की, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत असल्याचं दिसत नसेल, तर सदस्याच्या पोस्टसाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. अ‍ॅडमिनच्या हातात माणसं घेण्या-काढण्यापलीकडे फारसं काही नसतं, असा त्यामागचा विचार होता. पण त्यानंतर, 2022 मध्ये, दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करण्याची सोय अ‍ॅडमिनला मिळाली. त्यामुळे "मी काय करणार?" हे उत्तर आता पूर्वीइतकं भक्कम राहिलेलं नाही, असं माझं मत. मी वकील नाही. तुमच्या ग्रुपवर समाजासमाजात तेढ लावणारं काही आलं तर आधी काढा, मग चर्चा करा. भारतीय न्याय संहितेचं कलम 196 त्याच्यासाठीच आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

पण कायद्यापेक्षा मला धंदेवाल्याची भीती वेगळी वाटते. नोव्हेंबर 2012 आठवा. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती, त्यावर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने लाईक केलं. दोघींना अटक झाली. पुढे देशभर गदारोळ झाला, आणि मार्च 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ रद्दच केलं. हे सगळं पुस्तकांत आहे. पण त्या दिवशी जमावाने फोडलं काय? त्या मुलीच्या काकांचं हॉस्पिटल. लिहिलं पुतणीने, फुटली काकांची जागा. कारण मोबाईलमधलं मत जमावाच्या हाती लागत नाही, पण दुकानाला पत्ता असतो, पाटी असते, शटर असतं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे सर, धंदेवाल्याने राजकारण बोलूच नये? नाही, असं मी म्हणणार नाही. बरेच ट्रेनर म्हणतात, मला ते पटत नाही. तुम्ही कर भरता, मत देता, तुमच्या दुकानासमोर गटार तुंबतं. सप्टेंबर 2025 मध्ये सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. ही सरकारी बातमी आहे, पण सायकलच्या ग्रुपवर ती आलीच पाहिजे! सुटा भाग कितीला पडेल हे गिऱ्हाईकाला कळायला नको? "नवा दर असा आहे" इथे थांबलात तर ती सेवा. "बघा, कोणामुळे झालं" किंवा "आधी वाढवला कोणी होता" म्हणालात की तुमचा खड्डा झाला.

माझ्या मित्राने काय केलं ते सांगतो. आधी सगळ्यात सोपं केलं, "फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतील" हे सेटिंग लावलं. चूक. तीन आठवड्यांत ग्रुप मेल्यासारखा झाला. कोणी "उद्या पाऊस आहे का?" विचारू शकेना. मग त्याने कम्युनिटी बनवली: राईडची वेळ आणि दुकानाची सूचना अनाउन्समेंटमध्ये, बाकी बोलणं राईडच्या ग्रुपवर. "ज्यांना चर्चा करायची आहे त्यांच्यासाठी" म्हणून चावडी नावाचा तिसरा ग्रुपही काढला. तिथे पंचवीस जण गेले, आणि महिन्याभरात चौघेच बोलत राहिले, तेही एकमेकांना गुड मॉर्निंग. प्रेक्षक नसले की वादातला जोर कसा ओसरतो बघा.

राईडच्या ग्रुपच्या माहितीत त्याने लिहिलं ते मला आवडलं, तसंच्या तसं देतो: "खड्डा दिसला तर फोटो, जागा, तारीख टाका. आपण निवेदन देऊ. खड्डा कोणाचा यावर इथे बोलायचं नाही. पक्ष, धर्म, जात, भाषा यावरचा मेसेज न विचारता काढला जाईल, माझ्या भावाचा असला तरी." शेवटचे शब्द महत्त्वाचे, कारण पहिला मेसेज खरंच त्याच्या चुलतभावाचा काढावा लागला. त्या दिवसानंतर लोकांचा विश्वास बसला. निवेदनाचंही गंमतशीर झालं. आपल्याकडे एक रस्ता नगरपरिषदेचा, दुसरा बांधकाम खात्याचा, तिसरा एमआयडीसीचा, चौथा एमएमआरडीएचा. कोणता कोणाचा हे शोधण्यातच मंडळींचा पंधरवडा गेला, आणि भांडणारे दोघे एकाच टेबलावर अर्ज लिहीत बसले.

पण कॅम्पातली माणसं नियम लावून परत आली नाहीत. त्यासाठी त्याला जावं लागलं. माफीचा मेसेज टाकू का, असं त्याने मला विचारलं होतं. मी नको म्हटलं. दीडशे जणांसमोरची माफी हा आणखी एक वादाचा विषय होतो. तो एका संध्याकाळी कॅम्प चारला त्या काकांच्या दुकानात गेला, ज्यांनी दोन्ही नातवांच्या सायकली त्याच्याकडून घेतल्या होत्या आणि सगळ्यात आधी ग्रुप सोडला होता.

"अंकल, मी न वाचता दाबलं. चूक झाली," म्हणाला.

काकांचं मराठी आपल्यापेक्षा चांगलं. चहा मागवला आणि म्हणाले, "अरे, भांडणारे तर रोजचेच. त्यांचा राग नाही. तू मला अंगठा दाखवलास, ते लागलं."

त्यावर तो काही बोलला नाही. निघताना काकांनी माळ्यावरून छोट्या नातवाची सायकल काढायला लावली. मागचं चाक ब्रेकला घासत होतं. पान्याची पिशवी स्कूटरला होतीच. त्याने फूटपाथवर बसून चाकाचा आउट काढला आणि पैसे घेतले, साठ रुपये. फुकट का नाही केलं, मी विचारलं. तो म्हणाला, "सर, फुकट केलं असतं तर ती लाच वाटली असती. पैसे घेतले म्हणजे मी परत त्यांचा मेकॅनिक."

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी काका राईडला आले, नातवाला घेऊन. ग्रुपवर मात्र अजून आलेले नाहीत. त्यांना वेळ फोन करून कळवावी लागते, आणि शनिवारी संध्याकाळी तो न चुकता करतो.

पुढच्या व्हिडिओत कम्युनिटी आणि अनाउन्समेंट ग्रुप मोबाईलवर प्रत्यक्ष बनवून दाखवतो. वही-पेन घेऊन बसा.